पिट्युटरी भाटकार, मग ओव्हरी काय मुंडकार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत बायकांच्या हार्मोन्सवर अर्धं पान लेख होता. पदेर पाव देऊन गेला तेव्हा वाचायला घेतला आणि चहा निवला तरी मी एकाच वाक्यावर अडकलेली, "पिट्युटरी ही शरीरातली राजा ग्रंथी, ती हुकूम सोडते आणि अंडाशय तो मुकाट्याने पाळतं". लेख तसा वाईट नाही, पीसीओडीबद्दल लिहिलंय ते बरंचसं बरोबर आहे, पण हे वाक्य मी ३१ वर्षं हायर सेकंडरीच्या पोरांच्या वह्यांतून लाल पेनाने खोडत आले आणि रिटायर होऊन पाच वर्षं झाली तरी ते पेपरात छापून येतंच आहे, म्हणून म्हटलं आता लिहूयाच.

आधी बारीकशी तक्रार. लेखासोबत जो पांढऱ्या उंदराचा फोटो टाकलाय तो माऊस आहे आणि लेखात ज्या प्रयोगांबद्दल लिहिलंय ते आहेत रॅटवरचे. मराठीत दोघांनाही उंदीरच म्हणतात त्यामुळे तुमच्या माणसाचा दोष नाही म्हणा, पण रॅटची मोठी मादी भरते २०० ते २५० ग्रॅम आणि माऊस जेमतेम २५-३०, म्हणजे इसवणाची बातमी आणि फोटो तारलीचा असं झालंय ते.

मी हे सांगणारी कोण, तर १९८७ साली एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी गोव्याबाहेर एका कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये रॅटच्या २४ माद्या सांभाळलेल्या. सांभाळल्या म्हणजे रोज सकाळी नऊ वाजता एकेकीला उचलायची, पोट वर करून हातात धरायची, ड्रॉपरमध्ये सलाईनचे दोन थेंब घ्यायचे, योनीत सोडून परत ओढायचे आणि स्लाइडवर टाकून मायक्रोस्कोपखाली बघायचं. ही युक्ती माझी नाही, १९२२ मध्ये कॅलिफोर्नियात लाँग आणि इव्हान्स यांनी अशीच रोजची स्लाइड बघून रॅटच्या मादीचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं हे पक्कं केलं. चार दिवस चार चित्रं. एक दिवस गोल गोल केंद्र असलेल्या पेशींचे घोस, तो प्रोइस्ट्रस, बीज सुटायच्या आधीचा दिवस. दुसऱ्या दिवशी पातळ पोहे सांडल्यासारख्या चपट्या, सुकलेल्या, केंद्र हरवलेल्या पेशी, तो इस्ट्रस. मग दोन दिवस सगळीकडे बारीक पांढऱ्या पेशींची गर्दी आणि पुन्हा घोस. सुरुवातीला मला सगळंच सारखं दिसायचं, पंधरा दिवसांनी मात्र पिंजरा नंबर ७ ची आज पोहे देणार हे मी स्लाइड न बघता सांगायचे आणि बहुतेक वेळा बरोबर यायचं (सात नंबरवाली एक दिवससुद्धा चुकली नाही, चावायची मात्र सगळ्यांत जास्त).

आता मुद्द्यावर येते. हे पोहे येतात इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे आणि इस्ट्रोजेन बनवते ओव्हरी, म्हणजेच अंडाशय. मेंदूच्या खाली असलेल्या पिट्युटरीतून एफएसएच आणि एलएच ही दोन हार्मोन्स येतात, ती ओव्हरीतले फॉलिकल, म्हणजे बीजाच्या पिशव्या, वाढवतात, फॉलिकल इस्ट्रोजेन सोडतात, इथपर्यंत तुमच्या लेखातला राजा ठीक आहे. पण गोष्ट इथे संपत नाही, इथून सुरू होते, कारण ते इस्ट्रोजेन रक्तातून परत मेंदूकडे आणि पिट्युटरीकडे जातं आणि किती सोडायचं, कधी सोडायचं हे तिकडे जाऊन सांगतं. आमच्या गोंयच्या भाषेत बोलायचं तर पिट्युटरीला भाटकार (जमीनमालक) म्हणा हवं तर, पण म्हणून ओव्हरी काही मुंडकार (त्याच्या जागेत राहणारं कूळ) होत नाही, भाटातले नारळ कधी उतरवायचे ते पाडेली (नारळ उतरवणारा) कधी येतो त्यावर, भाटकार नुसता पोर्चमध्ये बसून वाट बघतो.

ओव्हरी काढून टाकली तर काय होतं बघा. रॅटच्या दोन्ही ओव्हरी काढल्या की काही दिवसांत रक्तात एलएच आणि एफएसएच वर चढतात आणि चढलेलेच राहतात, पिट्युटरीतल्या ते बनवणाऱ्या पेशी फुगून मोठ्या होतात. बाहेरून थोडं इस्ट्रोजेन दिलं की पुन्हा खाली. म्हणजे ओव्हरी रोज पिट्युटरीला दाबून धरत असते. शिकागोत मूर आणि डोरोथी प्राइस यांनी ही कल्पना १९३२ मध्ये मांडली, की पिट्युटरी जननग्रंथींना चालवते आणि जननग्रंथी उलट तिला आवरतात. तुमच्या वाचकांपैकी पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी बायकांनी हे स्वतःच्या रिपोर्टवर बघितलंय, पाळी गेल्यावर एफएसएच वाढलेला येतो. माझी एक मैत्रीण असला रिपोर्ट घेऊन धावत घरी आलेली, माझी पिट्युटरी बिघडली गो म्हणून. पिट्युटरीला काही झालेलं नाही बाय, तिला आवरणारी ओव्हरी थकली, एवढंच.

पण नुसता ब्रेक असता तर शिकवायला सोपं होतं. गंमत अशी की हेच इस्ट्रोजेन वेळ आली की ब्रेक सोडून अ‍ॅक्सिलेटर दाबतं. १९३४ मध्ये होलवेगने लहान, वयात न आलेल्या रॅटच्या माद्यांना इस्ट्रोजेन टोचलं तर ब्रेकच्या हिशोबाने त्यांची ओव्हरी गप्प बसायला हवी होती, उलट त्यांच्यात कॉर्पस ल्युटियम (बीज सुटल्यावर फॉलिकलची होते ती पिवळी गाठ) तयार झाले, म्हणजे पिट्युटरीने भरपूर एलएच सोडला होता. पोरांना मी हे सांगितलं की हमखास एकजण हात वर करायचा, टीचर, एकच हार्मोन दोन उलटी कामं कसं करणार? बरोबर प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर नीट कळायला शास्त्रज्ञांनाही सत्तरेक वर्षं लागली.

मी ते वर्गात खाजनावरून, म्हणजे आमच्या खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीवरून सांगायचे. खाजनाच्या बांधाला मानस असते, तिचं दार कधी उघडतं? आत पाणी चढलेलं हवं आणि बाहेर ओहोटीची वेळ हवी. आत पाणी नसेल तर ओहोटी येऊन उपयोग नाही आणि आत कितीही पाणी असलं तरी भरतीच्या वेळी दार मिटलेलंच. रॅटच्या मादीत तसंच आहे. फॉलिकल वाढत जातात तसं इस्ट्रोजेन चढत जातं, ते प्रोइस्ट्रसच्या दिवशी वर पोचतं, हे झालं आतलं पाणी. आणि ओहोटी म्हणजे मेंदूतलं घड्याळ, ते उजेड-अंधारावर चालतं आणि दुपारी इशारा देतं. दोन्ही जुळलं की संध्याकाळपर्यंत एलएचचा लोट सुटतो आणि त्यानंतर दहा-बारा तासांनी, मध्यरात्र उलटल्यावर, बीजं सुटतात.

हे घड्याळ आहे हे दाखवणारा प्रयोग मला अजून सगळ्यांत देखणा वाटतो. एव्हरेट आणि सॉयर, १९५०. त्यांनी प्रोइस्ट्रसच्या दिवशी दुपारी दोन वाजता माद्यांना झोपेच्या औषधाचं इंजेक्शन दिलं, रात्री बीज सुटलं नाही. तेच औषध संध्याकाळी उशिरा दिलं तर काही फरक पडला नाही, कारण तोपर्यंत मेंदूचा निरोप निघून गेलेला. आणि ज्यांचं अडवलं त्यांचं बीज कधी सुटलं, तर बरोबर २४ तास उशिरा! दोन तास नाही, पाच तास नाही, अख्खा एक दिवस. म्हणजे दुपारची गाडी चुकली की थेट दुसऱ्या दिवशीचीच, आमच्या गावच्या बससारखं. नंतर १९७५ मध्ये लेगन आणि कार्श यांनी ओव्हरी काढलेल्या माद्यांच्या कातडीखाली इस्ट्रोजेनची कॅप्सूल ठेवली तर त्यांच्यात एलएचचा लोट रोज दुपारी यायला लागला. इशारा रोजच येत असतो, नेहमीच्या मादीत इस्ट्रोजेन तयार असतं त्या दिवशीच तो ऐकला जातो.

आणि हे मी फक्त पुस्तकात वाचलेलं नाही. त्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये दिव्यांना टायमर होता, १४ तास उजेड आणि १० तास अंधार. पावसाळ्यात तो टायमर बिघडला आणि कोणीतरी वायर डायरेक्ट जोडून ठेवली, ट्यूबलाइट रात्रंदिवस चालू. मी चवथीला (गणेश चतुर्थीला) घरी आलेली आणि पुढे तापाने पडले, परत जाईपर्यंत दीड महिना गेला. गेले तर जी बघावी तिच्या स्लाइडवर पोहे. पहिल्या दिवशी आनंद झाला, वा, सगळ्या एकदम इस्ट्रसमध्ये. दुसऱ्या दिवशी पोहे, तिसऱ्या दिवशी पोहे, आठवडा पोहेच. सरांना दाखवलं तर ते स्लाइडकडे न बघता वर ट्यूबलाइटकडे बघायला लागले. सततच्या उजेडात घड्याळाचा हिशोब मोडतो, लोट येत नाही, बीज सुटत नाही, फॉलिकल तसेच फुगून राहतात आणि इस्ट्रोजेन सोडत बसतात. दोन माद्यांची ओव्हरी उघडून बघितली तेव्हा पाण्याचे फुगेच फुगे आणि कॉर्पस ल्युटियम एक नाही. पिट्युटरी जागेवर, इस्ट्रोजेन भरपूर आणि तरी राजा गप्प! माझे चार महिने वाया गेले, सर रागावले ते वेगळंच, पण तुमच्या लेखातलं ते वाक्य माझ्या डोक्यातून कायमचं गेलं ते त्या आठवड्यात.

आता एकच इस्ट्रोजेन दोन कामं कसं करतं ते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो, तिथून जीएनआरएच नावाचं १० अमिनो आम्लांचं छोटंसं हार्मोन बारीक रक्तवाहिन्यांतून पिट्युटरीत उतरतं आणि त्यानेच एलएच सुटतो. त्याची रचना १९७१ मध्ये कळली, शॅली आणि गिलेमिन यांना त्यासाठी १९७७ चं नोबेल मिळालं. म्हणजे राजाच्या डोक्यावर अजून एक राजा म्हणा. पण खरी अडचण पुढे आली, कारण हे जीएनआरएच सोडणाऱ्या पेशींत इस्ट्रोजेनचा जो मुख्य रिसेप्टर (निरोप घेणारी जागा), अल्फा, तो सापडतच नव्हता. मग इस्ट्रोजेन त्यांच्याशी बोलतं कसं? २००३ नंतर किसपेप्टिन नावाचं मेंदूतलं आणखी एक हार्मोन पुढे आलं तेव्हा कोडं सुटायला लागलं. किसपेप्टिन बनवणाऱ्या पेशींना तो रिसेप्टर असतो आणि रॅटच्या मेंदूत त्यांच्या दोन वस्त्या आहेत. मागच्या वस्तीत इस्ट्रोजेन किसपेप्टिन कमी करतं, तो ब्रेक. पुढच्या वस्तीत तेच इस्ट्रोजेन किसपेप्टिन वाढवतं आणि शरीराच्या मुख्य घड्याळाच्या तारा तिथेच येऊन पोचतात, तो अ‍ॅक्सिलेटर. निरोप एकच, पत्ते दोन. (किसपेप्टिन हे नाव अमेरिकेत हर्शी नावाच्या चॉकलेटच्या गावात त्याचा जीन सापडला म्हणून, तिथलं किस चॉकलेट प्रसिद्ध आहे. हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी व्हायची.)

शिवाय इस्ट्रोजेन थेट पिट्युटरीवरही काम करतं. तिच्या पेशींवर जीएनआरएचचे रिसेप्टर वाढवतं, त्यामुळे सकाळी ज्या डोसला ती ढिम्म हलत नव्हती त्याच डोसला दुपारी भरभरून एलएच देते. पिट्युटरीच्याच प्रोलॅक्टिनचंही (दुधाचं हार्मोन) तेच, प्रोइस्ट्रसच्या दुपारी त्याचाही लोट येतो आणि तोही इस्ट्रोजेनच्या जोरावर.

ओव्हरीचंच दुसरं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, त्याबद्दल मात्र थांबायला हवं. त्याचं सगळं क्रमावर आहे. इस्ट्रोजेनने आधी जमीन तयार केली असेल तर प्रोजेस्टेरॉन एलएचचा लोट मोठा करतं, लवकरही आणतं, आणि दुसऱ्या दिवशी परत लोट येऊ नये याचीही सोय करून ठेवतं. इस्ट्रोजेनची तयारी नसेल तर ते काहीच करत नाही, कारण त्याचे रिसेप्टर बनवायचं कामच इस्ट्रोजेनचं. आणि प्रोजेस्टेरॉन आधीपासूनच चढून बसलेलं असेल, समजा मादी गाभण आहे, तर लोट येतच नाही. गर्भनिरोधक गोळीची मूळ कल्पना हीच.

नरांचं काय असं कोणी विचारेल. मोठ्या नराला कितीही इस्ट्रोजेन द्या, दुपारचा लोट येत नाही. पण १९३६ मध्ये फायफरने जन्मतःच वृषण काढलेल्या नरांत पुढे ओव्हरी बसवली तर तिच्यात बीज सुटल्याची खूण, कॉर्पस ल्युटियम, दिसली. म्हणजे हा फरक जन्माच्या आसपासचे दिवस ठरवतात. आणि या रोजच्या चढ-उताराची कटकट नको म्हणून कित्येक वर्षं लॅबवाले नुसते नरच वापरायचे, औषधं मात्र बायकाही खातात, हे कोणाला खटकायचं नाही. अमेरिकेच्या एनआयएचने (तिथली सरकारी आरोग्य संशोधन संस्था) २०१६ पासून दोन्ही लिंगांचा विचार करा असं सांगितलं. माद्यांना पिंजऱ्यात सांभाळलेली बाई म्हणून मला यावर चार शब्द अजून लिहिता येतील, पण जागा तुमची आहे.

एवढं वाचून रॅट म्हणजे छोटी बाई असं मात्र कोणी समजू नका, इथेच तुमच्या लेखाची दुसरी चूक आहे आणि ती पहिल्यापेक्षा महाग पडणारी. रॅटला पाळी येतच नाही. बाईच्या शरीरात दुपारच्या घड्याळाची एवढी घट्ट पकडही नाही, तिथे इस्ट्रोजेन साधारण दोन दिवस सलग चढलेलं राहिलं की लोट सुटतो. बीज सुटल्यावर बाईचं कॉर्पस ल्युटियम आपोआप चौदाएक दिवस प्रोजेस्टेरॉन देतं, रॅटमध्ये ते नराशी संबंध आल्याशिवाय टिकत नाही. आणि तुमच्या लेखात लिहिलंय की पाळी पुढे ढकलायची गोळी "पिट्युटरीचा हुकूम थांबवते". अहो, ती गोळी सुरू करतात पाळीच्या साधारण तीन दिवस आधी. बीज सुटून तेव्हा दहा-अकरा दिवस झालेले असतात, हुकूम कधीच निघून गेला, पाळलाही गेला. पाळी येते ती कॉर्पस ल्युटियम सुकून प्रोजेस्टेरॉन खाली पडतं म्हणून. त्या गोळीतलं नॉरेथिस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉनसारखंच एक औषध, त्या पडलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या जागी उभं राहतं आणि गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतं. गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी. इथे पिट्युटरीचं नाव घ्यायची गरजच नव्हती.

हा उगाच कीस काढणं नाही. चवथीच्या आधीच्या आठवड्यात माझी भाची बाजारातल्या एका मेडिकलवाल्याकडे गेली, घरी गणपती, माटोळी बांधायची, नैवेद्य तिच्याच हातचा, पाळीची तारीख नेमकी त्यात. त्याने काही न विचारता स्ट्रिप हातात दिली, "चवथ न्हय, सगळ्यो व्हरतात" (चवथ ना, सगळ्याजणी नेतात). चिठ्ठी नाही, तारीख विचारली नाही, घरात कोणाला पायात रक्ताची गुठळी झालेली काय हेही नाही. तिच्या आईला झालेली आहे. मी विचारलं कधीपासून घेणार, तर म्हणते चवथीच्या आदल्या दिवशी सुरू करते, हुकूम थांबला की झालं. तुमचाच लेख वाचलेला. पाळी सुरू व्हायच्या बेतात असताना गोळी घेऊन बहुतेक वेळा काही हाती लागत नाही, नुसते डाग दिसत राहतात आणि बाई दोन्हीकडून अडकते. शेवटी तिला डॉक्टरकडे नेली, त्यांनी आईचं ऐकल्यावर गोळीच बंद केली. यंदा नैवेद्य माझ्या भावाने केला, खतखतें जरा तिखट झालं, पण गणपतीने काही तक्रार केली नाही. बाईने चवथीला पाळी ढकलावी काय हा वेगळा वाद आहे, माझं मत काय असेल ते तुम्हाला कळलंच असेल, पण जी घेणार तिने निदान पूर्ण विचारपूस करून घ्यावी.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या रविवारी गोळीचं वाक्य तेवढं दुरुस्त करून छापा, राजाचं नंतर बघू. आणि रॅटचा फोटो हवा असेल तर माझ्या प्रोजेक्टच्या जर्नलमध्ये एक ब्लॅक अँड व्हाइट चिकटवलेला आहे, पिंजऱ्यावर ७ आकडा स्पष्ट दिसतो. माझं बोट पण आलंय त्यात, बँडेज बांधलेलं.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, फोंडा